जमेलमामांचं बोट

आमच्या सासरेबुवांना कारखान्यात सगळे 'जमेलमामा' म्हणत. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला फार डोकं खाजवावं लागलं नसणार. दिवसभरात त्यांच्या तोंडून जेवढे शब्द बाहेर पडत त्यांतले निम्मे 'जमेल' असत आणि उरलेले निम्मे 'त्यात काय एवढं'.

कारखाना रद्दी पुठ्ठ्याचा. गावभरची रिकामी खोकी तिथे येत आणि दाबून चौकोनी गठ्ठे होऊन बाहेर पडत. दाबायचं काम एक भलं मोठं मशीन करी. त्याला सगळे प्रेस म्हणत. खोलीएवढं लोखंडी खोकं, त्यात पुठ्ठा भरायचा, की वरून जाडजूड फळी खाली येऊन सगळ्याचा चुराडा करी. ही फळी तेलाच्या दाबावर चालायची आणि ते तेल काळ्या रबरी पाइपांतून फिरायचं. या प्रेसच्या देखभाल विभागाचे मामा प्रमुख होते. विभागात ते एकटेच असल्यामुळे त्यांच्या प्रमुखपदाला कधी कुणी हरकत घेतली नाही.

त्यांचं कर्तृत्व मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. मी स्वयंपाकघरात नळ सोडला आणि न्हाणीघरातून नवऱ्याची आरोळी आली. मी नळ बंद केला, आरोळी थांबली. पुन्हा सोडला, पुन्हा आली. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "त्याची अंघोळ होईपर्यंत भांडी नको घासूस. गरम पाणी तिकडनं इकडे येतं." त्या घरात प्रत्येक नळाचं दुसऱ्या कुठल्यातरी नळाशी नातं होतं आणि ते टिकवण्याची जबाबदारी पांढऱ्या टेपवर टाकलेली होती. कुठल्याही पाइपचं तोंड कुठल्याही पाइपला बसतं, आणि बसत नसेल तर टेप कमी पडली, अशी मामांची पक्की समजूत होती.

धुण्याच्या मशीनला पाणी आणणारा पाइप एकदा गळायला लागला. मामांनी त्याच्या जागी शेजाऱ्यांनी टाकून दिलेला, माशांच्या टाकीचा मऊ पारदर्शक पाइप लावला. आतून पाणी जाताना दिसतं म्हणून ते त्यावर फारच खूश होते. एका सकाळी तो पाइप हळूहळू फुगला, छान गोल झाला आणि फुटला. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ छत्री घेऊन वर आले. ती त्यांनी घरातच उघडली होती. मामा त्यांना म्हणाले, "पाणीच आहे हो. वाळेल."

कारखान्याच्या मालकांचा मात्र मामांवर फार जीव. कारण सरळ होतं. नियम सांगणारा माणूस मशीन बंद करायला लावतो आणि मामांनी आयुष्यात मशीन बंद केलं नव्हतं. मालक दर वर्षी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक करत आणि एक भिंतीवरचं घड्याळ देत. आमच्याकडे इतकी घड्याळं झाली की वेळ कळायची सोयच राहिली नाही. प्रत्येकाचं मत वेगळं.

तर एकदा या प्रेसचा एक पाइप फुगला. ज्या पाइपातून सगळ्यात जास्त दाबाचं तेल जाई, तोच. मामांनी त्यावर टेप गुंडाळली, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली, आणि दोन्ही उपाय थकल्यावर नाइलाजानं नवा पाइप आणायचं ठरवलं. त्याच दिवशी मी त्यांना डोळे तपासायला नेणार होते. एकटे गेले असते तर 'दिसतंय की' एवढं सांगून परत आले असते. वाटेत पाइपांचं दुकान लागलं. मामांनी गाडी थांबवायला लावली. त्यांच्या हातातल्या कापडी पिशवीत जुन्या पाइपाचा तुकडा होता आणि तोवर माझ्या गाडीच्या सीटवर तेलाचा नकाशा उमटला होता.

दुकान लांबट आणि अंधारं. छतापासून जमिनीपर्यंत काळ्या पाइपांची वेटोळी टांगलेली. गल्ल्यावर एक जाडसर बाई बसली होती, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, शेजारी मोठ्या आवाजात लावलेला रेडिओ. मामांनी तुकडा तिच्यासमोर टाकला.

"असाच द्या. हातभर लांब."

बाईनं तुकडा उचलून उलटसुलट केला. "कशाला पाहिजे?"

"तेलाला."

"कुठलं तेल?"

"तेल म्हणजे तेल. खायचं नाही, एवढं नक्की."

"दाब किती?"

"मध्यम."

"मध्यम म्हणजे? गेजचा काटा कुठपर्यंत जातो?"

"गेजची काच काळी पडलीय."

"तेल तापतं किती?"

"हात लावला तर चटका बसतो एवढं."

"पाइप सरळ जातो की वळून? मशीन चालताना हलतो का? दोन्ही टोकांना आटे कसले आहेत?"

मामांचा चेहरा लाल व्हायला लागला. "बाई, मी पाइप घ्यायला आलोय. मुलगी बघायला नाही."

"मुलगी बघायला आला असतात तर एवढं विचारलं नसतं," बाई म्हणाली. "तिला नांदायचं असतं. पाइपाला दाब सोसायचा असतो."

यावर मला बरंच बोलता आलं असतं. पण सासरे शेजारी उभे होते.

बाईनं दोन वेटोळ्यांची टोकं समोर धरली. दोन्ही काळे, दोन्ही अंगठ्याएवढे जाड. एक पाण्याचा, एक तेलाचा. बाहेरून जाडी सारखी दिसली म्हणून आतलं भोक सारखं नसतं, तिनं सांगितलं. पाण्याच्या पाइपाचं आतलं रबर तेलात राहिलं की मऊ होऊन सुटायला लागतं. पाइपाच्या अंगावर एक ओळ छापलेली असते, त्यात त्याचं माप, त्याला झेपणारा दाब, तो कधी बनला, सगळं असतं. "वाचा."

मामांनी पाइप जवळ धरला, लांब धरला, मग हात पूर्ण लांब करून धरला. "चष्मा आणायलाच निघालोय," ते म्हणाले. मग जरा सावरून, माहितगाराच्या सुरात, "पण काय हो, लिहिलेल्या दाबाच्या चौपटीला पाइप फुटतो असं ऐकलंय. म्हणजे चौपटीपर्यंत चालवायला हरकत नाही."

"लिहिलंय तेवढ्याच्या आत चालवायचं," बाई म्हणाली. "बाकीचं तुमच्यासाठी नाही ठेवलेलं. फळी खाली येऊन आपटते ना, तेव्हा दाब उडी मारतो. काट्याला दिसतसुद्धा नाही. ते त्या उडीसाठी आहे, आणि पाइप म्हातारा होतो त्यासाठी."

"ठीक आहे, ठीक आहे. द्या त्यातला कुठलाही. जमेल."

"नाही देणार."

"म्हणजे?"

"गेजची काच पुसा, काटा बघा, तेलाच्या डब्यावरचं नाव घेऊन या. मग देते." आणि तिनं रेडिओचा आवाज वाढवला.

माल विकत नाही असा दुकानदार मामांनी प्रथमच पाहिला होता. गाडीत बसल्यावर ते घुश्शात म्हणाले, "हिचं दुकान चालायचं नाही." मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी चष्मा घेतला आणि तो शर्टाच्या खिशात ठेवून दिला. त्या दिवसापासून त्यांचा खिसा फार रुबाबदार दिसायला लागला. दृष्टी होती तशीच राहिली.

कारखान्याच्या मागच्या अंगाला गाड्या धुवायचं एक मोडकं मशीन पडलं होतं. मामांनी त्याचा पाइप काढला. काळा, अंगठ्याएवढा जाड. दिसायला अगदी जुळा भाऊ. पुढची हकीकत मला प्रेस चालवणाऱ्या बाईनं सांगितली. तिला सगळे प्रेसवाली म्हणतात. खणखणीत आवाजाची, दोन मुलांची आई, मामांना सख्ख्या मामासारखं मानणारी, आणि म्हणूनच त्यांना तोंडावर बोलणारी.

पाइप जरा आखूड होता. मामांनी तो ताणून बसवला. कोपऱ्यावर तो चिमटल्यासारखा वळला आणि अंगाला पीळ पडला.

"मामा, याला पीळ पडलाय."

"पिळानं पकड येते."

टोकाचे आटे दीड फेरा आत गेले आणि अडले. साहजिकच होतं, ते एकमेकांसाठी केलेलेच नव्हते. मामांनी लांब दांड्याचा पाना आणला.

"मामा, हे जात नाहीये."

"जात नाही म्हणजे घट्ट बसलंय. आणखी काय हवं?"

मग टेप आली. प्रेस सुरू झाला, फळी खाली गेली, वर आली. काही फुटलं नाही. फुटलं असतं तर बरं झालं असतं, असं आता म्हणता येतं. त्या दिवशी मात्र मालकांनी मामांच्या पाठीवर थाप मारली आणि दुकानातल्या बाईची गोष्ट आमच्याकडे जेवताना रोज हसत हसत निघू लागली.

काही आठवडे असेच गेले. एका सकाळी प्रेसवालीला पाइपाच्या वळणापाशी धुकं दिसलं. थेंब नाही, गळती नाही. नुसतं बारीक धुकं. आणि शिट्टीसारखा आवाज, इतका हळू की लक्ष देऊन ऐकावा लागे. तिनं मामांना हाक मारली. "मामा, मशीन बंद करते."

"थांब. बंद केलं तर कुठून येतंय ते कसं कळणार?" मामा पुढे झाले. डोळ्यांना काही दिसेना. चष्मा खिशात होता आणि तो काढण्यापेक्षा हात पुढे करणं सोपं होतं.

"मामा, हात नको!" ती ओरडली. मशीनच्या अंगावर एक पिवळं चित्र चिकटवलेलं होतं: एक हात, त्यावर जाणारी एक बारीक रेघ, आणि त्यावर मोठी फुली. मशीन नवीन असल्यापासून ते तिथे होतं. मामांनी मधल्या काळात त्यावर टेपची रिळं लटकवायला खिळा मारला होता.

मामांनी पाइपावरून बोट फिरवलं आणि झटक्यात मागे घेतलं.

"काय झालं?"

"काही नाही. मुंगी चावली."

प्रेसवालीनं लाल बटण दाबून मशीन बंद केलं. मामांच्या कारकिर्दीत चालू कामात ते पहिल्यांदाच बंद झालं असावं. मामांनी बोट पाहिलं. तर्जनीच्या पेरावर एक ठिपका. डास चावला तर याहून मोठा होतो. रक्त नाही, दुखत नाही, नुसतं जरा बधिर. त्यांनी पाइपाभोवती टेप गुंडाळली आणि उरलेला तुकडा बोटाभोवती गुंडाळला. तीच टेप. पाइप आणि बोट यांत फरक करावा असं त्यांना वाटलं नाही.

दुपारी ते नेहमीप्रमाणे जेवायला घरी आले. मला त्या दिवशी सुट्टी होती. मी वाढत होते. सासूबाई समोर बसल्या होत्या आणि त्यांच्या हाताकडे बघत होत्या. मामा डाव्या हातानं जेवत होते.

"अहो, उजव्याला काय झालं?"

"मुंगी चावली."

"बघू."

"मुंगीच्या चावण्यात बघायचंय काय?"

सासूबाईंनी हात ओढून टेप सोडवली. बोट पांढरंफट्ट, फुगून गुळगुळीत झालं होतं. त्यांनी नुसतं टोक दाबलं तर मामांनी दात आवळले, आणि लगेच हसून दाखवलं. सासूबाईंनी त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे पिटाळलं. तिथे मामांनी आपला आजार स्वतःच सांगून टाकला: मुंगी. डॉक्टरांनीही रुग्णाच्या अनुभवाचा मान राखून मलम लिहून दिलं. मामा मलमाची ट्यूब मिरवत घरी आले आणि खुर्चीत बसले. सासूबाई त्यांच्याकडे बघत बसल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. प्रेसवाली होती. तिनं माझा नंबर गेटवरच्या माणसाकडून मिळवला होता.

"ताई, मामा कसे आहेत?"

"मुंगी चावलीय म्हणे."

"कसली मुंगी! त्यांच्या बोटात तेल गेलंय. पाइपाला सुईएवढं भोक पडलंय, मी आता बघितलं. त्यांना मोठ्या दवाखान्यात न्या, ताई. मशीनवर चित्र आहे त्याचं. चित्राखाली लिहिलंय, लगेच न्या म्हणून. मी खिळा काढला तेव्हा दिसलं."

मी मामांकडे पाहिलं. तोवर सूज तळहातापर्यंत आली होती आणि त्यांचं हसणं पार आटलं होतं.

मोठ्या दवाखान्यात खिडकीपाशी रांग होती. मामा रांगेत मागे जाऊन उभे राहिले आणि एका खोकणाऱ्या मुलाच्या आईला म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. माझं विशेष काही नाही." मग एका पाय मुरगळलेल्या गृहस्थांनाही पुढे पाठवलं. सौजन्याचा एवढा पूर त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता. मला कळेना, यांना दुखतंय की आत जायची भीती वाटतेय.

सासूबाई उठल्या. जन्मभर हळू बोलणारी ही बाई थेट खिडकीशी गेली आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "यांच्या बोटात मशीनचं तेल दाबानं गेलंय. यांना मुंगी चावलेली नाही. हे खोटं बोलतात. लग्न झाल्यापासून बोलतात."

खिडकीतली मुलगी उठून आत पळाली. थोड्याच वेळात एक बारीकशा अंगाच्या सर्जनबाई जवळजवळ धावतच बाहेर आल्या. त्यांनी ठिपका पाहिला आणि सरबत्ती सुरू केली.

"कुठलं तेल होतं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं.

"दाब किती होता?"

"मध्यम," मामा पुटपुटले.

"तेल गरम होतं का? किती?"

मला दुकानातली बाई आठवली. मामांनाही आठवली असणार, कारण त्यांनी मान खाली घातली. मी प्रेसवालीला फोन लावला. तिनं डब्यावरचं नाव वाचून दाखवलं. मग ओढणीनं गेजची काच पुसली आणि काट्याची खूण कुठपर्यंत घासली गेलीय ते सांगितलं. मी आकडा सर्जनबाईंना सांगितला. त्यांनी एक क्षण डोळे मिटले.

"एवढ्या दाबाचं तेल कातडीतून सुईसारखं आत जातं," त्या म्हणाल्या. "मग आतल्या आत पसरतं. बाहेरून ठिपका, आत सगळं सडत जातं. आत्ताच्या आत्ता उघडावं लागेल." मग मामांकडे वळून जरा चिडून म्हणाल्या, "हात कशाला लावला? गळती शोधायची तर लांबून साधा पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा असतो. तुमच्या कारखान्यात एवढासा पुठ्ठा नव्हता?"

मामा आणि सासूबाई माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मीच म्हटलं, "आमचा कारखाना पुठ्ठ्याचाच आहे."

सर्जनबाईंनी आम्हा तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि आत गेल्या.

बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत हात उघडावा लागला. धुतला, तसाच उघडा ठेवला, पुन्हा नेऊन धुतला. माझा नवरा, म्हणजे त्यांचा मुलगा, बाहेर येरझाऱ्या घालत होता आणि अधूनमधून म्हणत होता, "एवढासा ठिपका!" हात वाचला. बोटही वाचलं, पण ते आता वाकत नाही. सरळ ताठ असतं, कायम. त्यामुळे मामा ज्याच्याकडे बोट दाखवत नाहीत असा माणूस आता उरलेला नाही. चहाचा कप धरला तरी समोरच्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

वॉर्डात मालक भेटायला आले. फळांची टोपली होती, चेहऱ्यावर काळजी होती. काळजी प्रेसची होती. "मामा, पुठ्ठ्याचा डोंगर झालाय आवारात. ती प्रेसवाली बटणाला हात लावायला तयार नाही. तुम्ही फक्त फोनवरून सांगा, त्या पाइपाला काय गुंडाळू?" कारखान्यात चौकशीही झाली होती. चौकशी समितीत मालक होते आणि मालकांचे मेहुणे होते. सखोल विचार करून समितीनं ठरवलं की दोष बोटाचा आहे. ते तिथे जायला नको होतं. पुढे असं होऊ नये म्हणून दारावर 'हात सांभाळा' अशी पाटी लावली होती. पाइप तोच होता.

मामांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. मालक गेल्यावर संध्याकाळी प्रेसवाली आली, बिस्किटांचा पुडा घेऊन. कडेला स्टुलावर बसली. इकडचं तिकडचं झालं. मग मामा अचानक म्हणाले, "त्या वळणाखालचं रोज झाडून कोण काढतं गं?"

"मीच की."

"रोज?"

"रोज. वाकून आत शिरावं लागतं. डोक्यावरच येतो तो पाइप." ती थांबली. "कधी वर बघते, कधी नाही."

मामांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पांघरुणाखाली त्यांचे खांदे हलत होते. प्रेसवालीनं पुडा फोडला, एक बिस्कीट मला दिलं, एक स्वतः घेतलं आणि खिडकीबाहेर बघत खात बसली. त्या वेळी मला त्या माणसाबद्दल एकही वाकडा शब्द सुचेना. मला ते सवयीचं नाही.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "मला त्या दुकानात ने." हाताला पट्ट्या, गळ्यात झोळी, आणि नाकावर चष्मा. त्याचा खिशातून नाकापर्यंतचा प्रवास मामांना फार महागात पडला होता. दुकानात शिरलो तेव्हा बाईनं आधी मामांचा हात पाहिला, मग तोंड. हात लांब करून रेडिओ बंद केला.

मामांनी न विचारताच सांगायला सुरुवात केली. तेलाचं नाव. काट्याची जागा. फळी दिवसभरात किती वेळा आपटते, ते प्रेसवालीनं हिशोब करून सांगितलं होतं. तेल किती तापतं. वळण कुठे आहे, केवढं आहे, पाइप कुठे घासतो. बाई ऐकत होती आणि मान हलवत होती. तिनं पाइप निवडला, मामांनी त्याच्या अंगावरची ओळ बोट ठेवून वाचली. अर्थात डाव्या हाताचं बोट. तिनं तो मोजून जरा जास्तच कापला. "दाब आला की पाइप आखडतो. थोडा सैल असू दे." मग त्याच पाइपासाठी बनवलेली टोकं काढली आणि दाबयंत्रात घालून पक्की बसवली.

प्रेसवालीनं काढून दिलेलं, त्या गाड्या धुवायच्या पाइपाचं टोक मामांनी सोबत आणलं होतं. बाईनं ते नव्या टोकाशेजारी ठेवलं, मग आटे मोजायची पात्यांची पट्टी एकदा यावर आणि एकदा त्यावर टेकवली. एकावर ती गच्च बसली. दुसऱ्यावर दातांमधून उजेड दिसला. मामा त्या उजेडाकडे बराच वेळ बघत राहिले.

"अगदी जुळे वाटतात," ते म्हणाले.

"त्यांच्या आईला नाही वाटत," बाई म्हणाली.

मालकांना पाइप दाखवल्यावर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मामा, एवढ्या एका पाइपासाठी एवढं? आणि हे बाकीचे पाइपही बदलायचे म्हणता? एरवी तुम्ही काय सुंदर जमवून घ्यायचात."

"आता नाही जमणार," मामा म्हणाले. आणि बोलताना त्यांचा उजवा हात झोळीतून बाहेर आला. बोट मालकांच्या नाकासमोर. ते वाकवता येत नव्हतं हे मालकांना ठाऊक नव्हतं. आपल्यावर जाहीर आरोप होतोय असं वाटून त्यांनी आजूबाजूला पाहिलं. प्रेसवाली कमरेवर हात ठेवून दारात उभी होती. मालक म्हणाले, "बरं, बरं. हात खाली घ्या." मामांना तो तसा खाली घेता येईना, दुखत होता. मालकांनी सगळेच पाइप मंजूर केले. मशीन आणखी आठवडाभर बंद राहिलं. त्या वर्षी घड्याळ मिळालं नाही. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

सुधारलेला माणूस बिघडलेल्या माणसापेक्षा जास्त त्रासदायक असतो, हे मात्र मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मामांनी घरातली सगळी टेप काढली. ती काढल्यावर कळलं की घरातली नळयोजना म्हणजे प्रामुख्यानं टेपच होती. कित्येक दिवस आम्ही खालच्या गृहस्थांकडून बादल्या भरून आणल्या. ते आनंदानं देत होते. वरून पाणी येण्यापेक्षा वर पाणी नेणं त्यांना जास्त पटत होतं. मामा एकेका नळासमोर चष्मा लावून बसत आणि त्याला प्रश्न विचारत. पाहुण्यांकडे गेले की आधी स्वयंपाकघरात शिरून गॅसच्या नळीवरची तारीख वाचत. माझ्या आईच्या घरी त्यांनी जेवणाआधी नळी बदलायला लावली. जेवण उशिरा मिळालं, पण ती नळी खरंच चिरलेली होती, त्यामुळे आईला रागवताही आलं नाही.

मामांनंतर देखभाल विभागाची प्रमुख प्रेसवाली झाली. तिनं पहिलं काम केलं ते मशीनवरचं पिवळं चित्र नवं आणून लावण्याचं. दुसरं काम केलं ते मामांना गेटवर खुर्ची देण्याचं. आत यायला त्यांना बंदी नाही, पण आत आले की मशीन बंद करायला लावतात, असं तिचं म्हणणं.

दवाखान्यात मात्र त्यांना अजून मान आहे. हात दाखवायला गेले की सर्जनबाई शिकाऊ डॉक्टरांना गोळा करतात. अशी केस वारंवार दिसत नाही म्हणे. मागच्या खेपेला सासूबाई आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. दार उघडंच होतं. आत मामा पलंगावर ताठ बसले होते, सभोवती पांढरे कोट.

एका मुलीनं विचारलं, "काका, आत गेलं तेव्हा नेमकं काय वाटलं?"

"काहीच नाही," मामा म्हणाले. "दुखलं असतं तर ओरडलो असतो. मी घरी जाऊन जेवलो."

पेनं चालायची थांबली. मग मामांना रंग चढला. पाइप कसा निवडायचा, इथपासून त्यांनी सुरुवात केली. तेल कुठलं, दाब किती, वळण केवढं. सर्जनबाईंनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मामा आट्यांवर आले. एक मुलगा हळूच खाली बसला.

"बोलावू का त्यांना?" मी सासूबाईंना विचारलं.

सासूबाईंनी पर्समधून विणकाम काढलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "जेवढं इथे बोलतील तेवढं घरी कमी."